गाडीमागचं स्टूल

आमच्या दुकानात एक पत्र्याचं बुटकं स्टूल आहे आणि त्यावर बसायचा मान गेली अठरा वर्षं माझा आहे. मान म्हणायचं आपलं. बसून ढुंगण गारठतं आणि जीव टांगणीला लागतो.

आमचे हे गाड्यांचे पार्किंग सेन्सर बसवतात, दुरुस्त करतात. गाडी मागे घेताना आडवं काही आलं की टीं टीं करून बोंबलतात, ते. सगळे ड्रायव्हर यांना टींटीं मिस्त्री म्हणतात. यांना ते आवडतं, फक्त तसं दाखवत नाहीत. गाडी तयार झाली की मी स्टूल उचलायचं, गाडीच्या मागे आठ-दहा हातांवर ठेवायचं आणि बसायचं. मग हे रिव्हर्स टाकतात आणि गाडी सरळ माझ्या अंगावर घेतात. आधी सावकाश टीं... टीं..., मग घाईघाईनं, आणि माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतर उरलं की एकसलग किंकाळी. तेव्हा हे ब्रेक दाबतात. मग स्टूल डाव्या कोपऱ्याला, मग उजव्या. चारही सेन्सरनी मला पाहिलं की गाडी पास.

लोक म्हणतात, अहो, बायकोला कशाला बसवता, बादली ठेवा. सुरुवातीला बादलीच होती. बादलीला सेन्सर झकास ओळखायचा. एकदा थंडीत मी जाडजूड लोकरीची शाल पांघरून मागून चालले होते आणि एक पास झालेली गाडी चकार शब्द न काढता माझ्या पोटरीला येऊन टेकली. सेन्सर आवाज फेकतो आणि आपटून परत आलेला आवाज ऐकतो. लोकर, स्पंज, कापूस असलं मऊ काही मध्ये आलं की ते आवाज गिळून टाकतं. यांना हे पुस्तकातून माहीत होतं, माझ्या पोटरीवरून पटलं. त्या दिवसापासून बादली गेली आणि मी आले, शालीसकट. "शालीतली बाई दिसली की सगळं दिसतं," असं यांचं म्हणणं. माझी आई म्हणायची, जावई भला आहे हो, फक्त लेकीला रोज गाडीखाली घालतो.

किल्ली परत देताना हे एकच वाक्य बोलतात, तेही दरवेळी तेच: "माझ्या हातची गाडी आहे. आता वाजली, तर मागे कोणीतरी आहे असंच समजा." या वाक्यावर आमचं दुकान चालतं. माणूस तसा हट्टी, तोंडानं कमी, रागानं जास्त. पण हे वाक्य म्हणताना गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून म्हणतात.

पाऊस लागून राहिला की आमच्या धंद्याला ऊत येतो आणि अब्रूला उतरती कळा. सेन्सरच्या तोंडावर थेंब बसले की त्याला वाटतं भिंत आली. वायरीच्या जोडाच्या आत पाणी शिरलं की तांब्यावर हिरवी साय धरते आणि मग गाडी मोकळ्या मैदानातही किंचाळते. त्या आठवड्यात सहा दिवस सूर्य दिसला नव्हता. दारात गाड्यांची रांग, प्रत्येकीची बोंब. मी माझा केस वाळवायचा ड्रायर घेऊन जोड वाळवत होते आणि हे बंपरखाली आडवे.

आता एक पाप कबूल करायला हवं. जोड काही केल्या वाळत नाही, नवा सेन्सर उद्यावर आणि गिऱ्हाईक आजच गाडी मागतं, अशा वेळी आम्ही "मुका" घालतो. भिजलेला सेन्सर नुसता काढून टाकला तर गाडीच्या आतला वाजणारा डबा जास्तच ओरडतो. म्हणून त्याच्या जागी वायरीला एक चांगला सेन्सर जोडायचा, स्पंजात गच्च गुंडाळायचा आणि बंपरच्या आत बांधून टाकायचा. डब्याला वाटतं सगळे हजर आहेत. मुक्याला काही दिसत नाही, म्हणून तो कधी वाजत नाही. त्या कोपऱ्यात मग हत्ती उभा राहिला तरी गाडी गप्प.

म्हणूनच आमचा नियम आहे. मुका घातला की हे बंपरखालूनच ओरडतात, "फडकं!" मग मी खिळ्यावरचं लाल फडकं काढते, त्या गाडीच्या गिअरच्या दांड्याला बांधते आणि गिऱ्हाइकाला सांगते की अमुक कोपरा आंधळा आहे, नवा सेन्सर बसेपर्यंत मान वळवून बघा. मुका घालायला लागल्यापासून दोन वर्षांत हा नियम एकदाही चुकला नव्हता.

त्या दिवशी आमचा अबोला होता.

झालं असं की, एक टॅक्सीवाला सकाळी तिसऱ्यांदा तीच तक्रार घेऊन आला आणि वैतागून वाटेल ते बोलायला लागला. मीही वैतागले होते. मी त्याच्या देखत बोलून गेले, "चष्मा बदला म्हणून वर्षभर कानीकपाळी ओरडतेय. यांना आता तार दिसत नाही धड, जोडणार काय!" टॅक्सीवाला हसला. हे हसले नाहीत. त्यांनी हातातली पकड खाली ठेवली, माझ्याकडे न बघता आत गेले, आणि तिथून पुढे माझ्याशी एक अक्षर नाही. खरं तर मी माफी मागायला हवी होती. पण जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच.

अबोल्यातही दुकान चालतं आमचं. कप आपटला की चहा झाला. टेबलावर किल्ली सरकवली की गाडी तयार. तीस वर्षांच्या संसारात माणूस एवढं शिकतोच.

बाराच्या सुमारास व्हायोलिन शिकवणाऱ्या बाई आल्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, बोटं सतत कशावर तरी नाचणारी. "हे बंद करा हो," म्हणाल्या, "चार दिवस डोकं उठलंय. वाजायचंच तर निदान सुरात तरी वाजावं." यांनी गाडी आत घेतली. बाई माझ्या टेबलाशी बसल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या की सेन्सर त्यांनी आईसाठी बसवलाय. आईला आता काही लक्षात राहत नाही. मुलगी बाहेर निघाली की तिला वाटतं, ही कायमची चालली. मग ती स्वयंपाकघराच्या दारानं बाहेर पडते आणि गाडीच्या मागे येऊन उभी राहते. "नेहमी डावीकडून येते," बाई म्हणाल्या. "सांभाळणारी मुलगी असते घरात, पण तिचा डोळा चुकवून येते. उतारावर गाडी, मागची काच धुकटलेली. दोनदा या आवाजानंच वाचली हो ती."

हे सगळं मी ऐकलं. यांनी नाही, कारण यांच्या कानाशी ड्रायर घोंगावत होता. एरवी मी लगेच उठून यांना सांगितलं असतं. पण मी म्हटलं, बोलत नाहीत ना, मग मी तरी का तोंड उघडू?

तीन वाजता गाडी तयार झाली. मी सवयीनं स्टुलाकडे हात नेला. आणि बघते तर काय, हे कोपऱ्यातली बादली उचलून गाडीच्या मागे ठेवत होते! अठरा वर्षांनी बादली! तीही मधोमध. गाडी वाजली, थांबली, बादली जागेवर गेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे टेबलाशी आले, माझ्यासमोर काहीतरी ठेवलं आणि गेले. मी बघितलंसुद्धा नाही. वर वर्तमानपत्र टाकलं आणि मुद्दाम मोरीत जाऊन कप घासत बसले. बाहेर यांचा आवाज आला, "माझ्या हातची गाडी आहे. आता वाजली, तर मागे कोणीतरी आहे असंच समजा." मग गाडी गेल्याचा आवाज.

तीन पस्तीसला मी वर्तमानपत्र उचललं. खाली एक ओला सेन्सर होता. त्याच्यावर यांच्या अक्षरात चिकटपट्टी: डावा कोपरा.

क्षणभर मला समजलंच नाही. मग मी खिळ्याकडे बघितलं. लाल फडकं खिळ्यावरच लोंबत होतं.

"अहो," मी म्हटलं. "हा कुणाचा?"

"व्हायोलिनवाल्या बाईंचा. मुका घातलाय." हे मान वर न करता बोलले. "ठेवला होता ना तुझ्यासमोर. फडकं बांधलंस ना?"

मी नुसतं खिळ्याकडे बोट दाखवलं. आणि मग आईचं सगळं सांगितलं, एका दमात, ती नेहमी डावीकडून येते इथपर्यंत. यांचा चेहरा माझ्यासमोर उतरत गेला. माझ्यावर ओरडतील असं वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"किती वाजता निघणार आहेत पुन्हा?"

"चारला. क्लास आहे त्यांचा."

फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. बाई बोलता बोलता म्हणाल्याच होत्या की क्लासच्या दिवशी त्या फोन पिशवीच्या तळाशी टाकतात. तिसऱ्यांदा लावेपर्यंत यांनी स्कूटर काढली होती. घर कुठे ते बाईंनी गाडी देताना लिहून दिलेल्या चिठ्ठीवर होतं: पाण्याच्या टाकीमागची उताराची गल्ली, शेवटचं फाटक. मी रेनकोट अंगावर ओढला आणि मागे बसले. हॉर्न दाबला तर नुसता घोगरा खोकला. सहा दिवसांच्या पावसानं आमचाच हॉर्न गेला होता आणि मिस्त्रींना सवड नव्हती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

पाऊस असा होता की समोरचं लाल की हिरवं कळेना. यांच्या चष्म्यावरून पाण्याचे ओघळ. दोनदा स्कूटर खड्ड्यात आदळली आणि मला कळलं की सकाळी मी रागात बोलले ते खरं होतं. यांना खरंच दिसत नव्हतं. मी पुढे वाकले, तोंड यांच्या कानाशी नेलं आणि बोलायला लागले. "डावीकडे घ्या. सावकाश. खड्डा. आता सरळ. थांबा, बस आहे. आता जा." सकाळपासूनचा अबोला असा एकदम फुटला. हेही निमूटपणे ऐकत होते. मी म्हणेन तिथे वळत होते.

पुलाखाली गुडघाभर पाणी साचलं होतं. एक गाडी मधोमध बंद पडलेली. तिथून परत फिरून बाजारातून जावं लागलं आणि बाजारात दोन हातगाड्या एकमेकींत अडकलेल्या. मी घड्याळ बघत नव्हते. बघितलं असतं तर रडले असते. माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं, आणि त्यात म्हातारीच्या अंगावर लोकर होती, कारण थंडी होती आणि म्हातारी माणसं थंडीत लोकरच घालतात. मुका नसता तरी लोकर कितीशी दिसली असती! मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही.

गल्लीच्या तोंडाशी स्कूटर घसरली. पडलो नाही, पण ती बंद पडली. वर उताराच्या टोकाला शेवटचं फाटक उघडं होतं आणि फाटकाच्या आत पांढरे दिवे लागले होते. रिव्हर्सचे दिवे. गाडीचं तोंड घराकडे, पाठ आमच्याकडे.

मी पळाले. पन्नाशीत माणूस कसं पळतं ते विचारू नका. रेनकोट पायात येत होता. फाटकाशी पोचले तेव्हा गाडी हलली होती. आणि तिच्या डाव्या कोपऱ्याला, भिंत आणि गाडी यांच्या मध्ये, गळ्यापर्यंत जाड करडी शाल गुंडाळून एक म्हातारी उभी होती. एक हात गाडीवर ठेवून. निघालेल्या माणसाच्या पाठीवर हात ठेवावा, तसा.

मी किंचाळले. पावसानं ती किंकाळी कुठल्या कुठे नेली. काचा बंद, मागची काच दुधासारखी पांढरी. म्हातारीपर्यंत पोचायला गाडीच्या मागून ओलांडून जायला हवं होतं आणि तेवढा वेळ नव्हता. मी उजवीकडे होते. आणि उजवा कोपरा यांच्या हातचा होता, चांगला, जिवंत.

मी विचार केला असं म्हणणार नाही. अठरा वर्षं जे अंगवळणी पडलं होतं तेच अंगानं केलं. गाडीच्या उजव्या कोपऱ्यासमोर गेले आणि स्टूल असावं तशी खाली बसले. दोन्ही हातांनी रेनकोट पुढे ताणून धरला. प्लॅस्टिक होतं, लोकर नव्हती. बघ, मी मनात म्हटलं. बघ मला.

गाडी येत राहिली.

बाहेर काही ऐकू येत नव्हतं. पण मला ते अंतर पाठ होतं. इथे सावकाश वाजत असेल. आता घाईघाईनं. मला हेही माहीत होतं की या बाईनं चार दिवस हा आवाज ऐकलाय, खोटा, रात्रंदिवस, मोकळ्या रस्त्यावर. आणि पाऊस आजही पडतोय. तिला वाटेल, पुन्हा तेच. कुणालाही वाटेल. म्हातारीचा पाय घसरला, तिनं गाडीवरचा हात सोडला नाही. आता एकसलग असेल. हातभर. वीतभर. बंपर माझ्या गुडघ्याला टेकला.

लाल दिवे लागले.

गाडी थांबली होती. दार उघडून बाई बाहेर आल्या, भिजत, कपाळाला आठ्या घालून. "अहो, तुम्ही? इथे काय करताय खाली बसून? मी जाणारच होते मागे! म्हटलं, लागलं पुन्हा केकाटायला. पण मिस्त्री म्हणाले होते ना, आता वाजली तर कोणीतरी आहेच, म्हणून—"

मग त्यांना डावीकडची शाल दिसली. त्या तिथेच ओल्या फरशीवर बसल्या, आम्ही दोघी एका रांगेत.

म्हातारी आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती. "आज दोघी निघालात?" तिनं विचारलं. मग मला म्हणाली, "तू तरी आत ये गं. भिजशील."

तेवढ्यात हे पोचले, धापा टाकत, चष्मा हातात. काय झालं ते त्यांना दिव्यांवरून आणि आमच्या बसण्यावरून कळलं असावं. "बाई," हे म्हणाले, "डावा कोपरा मुका आहे. मी घातला आणि सांगितलं नाही. चूक माझी."

"माझी," मी म्हटलं.

"गप्प बस," हे म्हणाले, आणि मग हळूच, "नको. आज गप्प नको बसू."

त्यांनी तिथेच पावसात आडवं होऊन बंपरमध्ये हात घातला आणि स्पंजाचा गोळा ओढून काढला. गाडी पुन्हा वर घ्यायला बाई आत जाऊन बसल्या आणि चुकून रिव्हर्सच पडला असावा. डबा बोंबलायला लागला. मी कान झाकले. "वाजू दे," बाई आतून म्हणाल्या. रडत होत्या. "कितीही बेसूर वाजू दे."

त्या दिवशी त्या क्लासला गेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी दुकानातले सगळे स्पंज बाहेर नेऊन टाकले. मग चष्म्याच्या दुकानात गेले, मला न सांगता. दोन दिवसांनी नवा सेन्सर आला आणि व्हायोलिनवाल्या बाई गाडी घेऊन आल्या, आईसकट. आई माझ्या टेबलाशी बसून बिस्किट बुडवून खात होती. सेन्सर बसला. मी स्टूल उचलायला गेले, तर यांनी ते माझ्या हातातून घेतलं.

"तू चालव," म्हणाले.

"मला कुठे येतं? शेडमध्ये चार फूट पुढे-मागे, एवढंच."

"एवढंच आहे."

यांनी माझी शाल खुंटीवरून काढली, खांद्यांवर घेतली आणि डाव्या कोपऱ्यामागे स्टूल टाकून बसले. गुडघे पोटाशी आले होते. हसू येईल असं दृश्य होतं, पण मला हसू आलं नाही. मी रिव्हर्स टाकला. आरशात नव्या चष्म्यातले डोळे दिसत होते आणि स्टुलाची कड घट्ट धरलेले हात. टीं... टीं... मग घाईघाईनं. मी पाय ब्रेकवरच ठेवला होता. एकसलग झालं आणि मी दाबला.

हे उठले नाहीत. मी उतरून मागे गेले. बंपर आणि यांचा गुडघा यांच्यात हातभर अंतर होतं, नेहमीएवढंच.

"काय झालं? कमी वाजलं का?"

"नाही. बरोबर वाजलं." हे गाडीकडेच बघत होते. "अगं, इथून गाडी केवढी मोठी दिसते."